वेंडेलने न विचारलेला प्रश्न

वेंडेल प्रूइटने एकतीस वर्षं वायोमिंगमधल्या एका गावात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, पण गाव त्याला ओळखायचं ते काडतुसांमुळे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोच्या लोण्याच्या भांड्याशेजारी काटा मांडून तो बंदुकीची दारू तोलून भरायचा. कुणी काडतुसं मागितली की पहिला प्रश्न ठरलेला : मारणार किती लांबून? तरुणपणी त्याने एल्क जातीच्या एका मोठ्या हरणावर फार लांबून तांब्याची गोळी झाडली होती. तिथवर जाईतो तिचा वेग सरला, ती आत पसरून फुललीच नाही, सुईसारखी आरपार गेली. जखमी जनावर रानात शिरलं आणि दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. ते त्याच्या मनातून कधीच गेलं नाही.

आणि शहाण्याने नेमका शेजारच्या ऑड्रीला तो प्रश्न विचारला नाही. बारा वर्षं अर्ज करून यंदा सोडतीत तिचा एल्कच्या शिकारीचा परवाना निघाला होता. साठीची विधवा बाई, झाडीत बसून जवळूनच मारणार, असं यानेच ठरवलं आणि तांब्याच्या गोळ्या भरून दिल्या. जवळून त्या हाड फोडून खोल जातात.

शनिवारी सकाळी ऑड्रीचा फोन आला. डावं शिंग मोडलेला नर, दरीपलीकडे, सहाशे यार्डांवर. बार काढला, तो दचकला आणि झाडीत गेला. लागलं की नाही, तिला कळत नव्हतं. तासाभरात वेंडेल तिथे पोचला आणि चूक आपली असल्याचं त्याने सांगून टाकलं. इतक्या लांबून मऊ शिशाची गोळी हवी होती, ती मंद वेगातही फुलते.

"मग विचारलं का नाहीस?"

"वाटलं, तू जवळूनच मारशील."

"वाटलं म्हणे! उन्हाळाभर सहाशेवर टांगलेली पत्र्याची थाळी नेम धरून गोळ्यांनी वाजवतेय मी. तुझ्या घरापर्यंत आवाज येतो."

दोघं दरी ओलांडून गेले. बर्फात खुरांचे ठसे होते, पण रक्ताचा थेंब नव्हता, केस नव्हता. नर उभा होता तिथे मागच्या खडकावर, त्याच्या पाठीपेक्षा उंच, तांब्याचा ताजा ओरखडा दिसला. तरी वेंडेलचा जीव थाऱ्यावर येईना. दुपारपर्यंत तो माग काढत राहिला, आणि ऑड्रीही न कुरकुरता मागून चालत राहिली.

मग पलीकडच्या कुरणात तोच नर दिसला. मोडक्या शिंगानिशी एका मादीच्या मागे हुंदडत होता. वेंडेलने अर्धा तास दुर्बिणीतून त्याच्या दोन्ही कुशी पाहिल्या. लंगडणं नाही, डाग नाही. तो बर्फातच बसला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"नेम चुकला तुझा, ऑड्री. साफ चुकला."

"फार आनंद झालेला दिसतो."

"फार."

तिलाही हसू फुटलं. सकाळपासून तिच्याही घशाखाली काही उतरलं नव्हतं. नर अजून पाचशेच्या पुढेच होता. तिने रायफल रिकामी केली, काडतुसं वेंडेलच्या तळहातावर ठेवली आणि या गोळीने आता नाही म्हणाली.

संध्याकाळी तो ऑड्रीसाठी नवी काडतुसं भरायला टेबलाशी बसला आणि सवयीने तांब्याच्या गोळ्यांच्या डबीकडे हात नेला. ऑड्रीने डबीवर पंजा ठेवला.

"आधी विचार."

वेंडेलने चष्मा काढून पुसला.

"मारणार किती लांबून, ऑड्री?"

"सहाशे," ती म्हणाली आणि हात उचलला.