आठ तासांचा कोट

गल्लीत त्यांना सगळे अर्धाइंच मास्तर म्हणायचे. कुठलाही कपडा समोर आला की कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून ते म्हणत, "अर्धा इंच घ्यावा लागेल." लग्नाचा सूट असो की शाळेचा गणवेश, निकाल ठरलेला. नवं शिवायला आता कोण येतो? तयार कपडे आणून लोक पस्तावत आणि मास्तर ते अंगाला बसवून देत. काम झालं की कपडा चिठ्ठी लावून दाराजवळच्या दांडीवर टांगायचा आणि मालक येईपर्यंत कुणी त्याला बोट लावायचं नाही, हा दुकानाचा कायदा. एका वकिलांची पँट तिथे दोन वर्षं लोंबत होती. वकील तोवर चांगले गरगरीत झाले होते, पण पँटला हात नाही म्हणजे नाही.

हा कायदा मास्तरांनी एकदाच मोडला, तोही स्वतःच्या घरात.

बायकोचा बाटली-हिरव्या रंगाचा एक लांब कोट होता. रुंद कॉलरचा, लग्नाच्या वर्षी मास्तरांनीच शिवलेला. ती गेली आणि कोट खुंटीवर राहिला. मुलगी येता-जाता त्याच्या बाहीवरून हात फिरवायची. मास्तरांना मात्र त्याच्याकडे बघवेना. एका दुपारी त्यांनी तो उसवला आणि कापड एका गिऱ्हाइकाच्या कामाला लावून टाकलं. मुलगी घरी आली तेव्हा टेबलावर नुसत्या दोन बाह्या पडल्या होत्या.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत, बाबा."

"कापड नुसतं पडून होतं," मास्तर म्हणाले.

माणसाची जीभ नको तेव्हा अशी कोरडी पडते. महिन्याभरात मुलगी नर्सिंगच्या वसतिगृहात राहायला गेली, पुढे नोकरीही तिकडच्याच रुग्णालयात लागली. तीन वर्षं झाली. तिची खुशाली मास्तरांना मेहुणीकडून कळायची.

मेहुणी एकदा दुकानात आली ती हळहळतच. मुलगी मोबाइलवर कसलासा खेळ खेळायची, त्यातल्या आपल्या बाहुलीला कपडे चढवायची. त्या खेळात आता एक हिरवा कोट आला होता. विकत मिळत नव्हता. चार दिवस दुपारी एक जण इंटरनेटवर तो खेळ खेळून दाखवणार होता. ते प्रक्षेपण एकूण आठ तास बघेल त्याला कोट फुकट.

"आणि हिची नेमकी या आठवड्यात डबल ड्युटी. वॉर्डात मोबाइल चालत नाही," मेहुणी म्हणाली. "आईच्या कोटासारखा आहे गं मावशी, अगदी कॉलरसकट, असं म्हणत होती. रडवेली झाली होती, भाऊजी."

मास्तर सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला गेला नाही.

दुकानात एक जुना संगणक होता. गिऱ्हाइकांची मापं त्यात भरायची म्हणून मुलीनेच तो आणायला लावला होता आणि फावल्या वेळात त्याच्यावर खेळायचीही. तिचं त्या खेळाचं खातं त्यात अजून उघडंच होतं. मेहुणीने ते प्रक्षेपण लावून दिलं.

"हे नुसतं चालू ठेवायचं. तुम्ही आपलं काम करत बसा. बघितलं नाही तरी चालतं."

"बघायचं म्हटल्यावर बघायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी मशीनवर झाकण घातलं.

चार दुपारी दुकान उघडं आणि काम बंद. पडद्यावर कानांना हेडफोन लावलेला एक पोरगा अखंड बडबडत होता. मास्तर हात मांडीवर ठेवून समोर बसले. कोण कुणाला का मारतंय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते पडद्यावरची नजर न काढता म्हणत, "उद्या या." दुसऱ्या दिवशी तो कोट घातलेली बाहुली पहिल्यांदा धावत गेली. मास्तर पुढे सरकले. खांदा चुकलेला होता, अर्धा इंच घ्यायला हवा होता. कॉलर मात्र तीच होती. त्यांना एकदम भरून आलं आणि त्या बडबड्या पोरासमोर ते खुशाल रडले.

चौथ्या दिवशी आठ तास भरले. पडद्यावर कोटाचं चित्र आलं आणि त्याखाली एक निळं बटण, 'मिळवा'. मास्तरांचा हात माउसकडे गेला आणि तसाच मागे आला. त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"तिला सांग, कोट तयार आहे. येऊन घेऊन जा म्हणावं."

मेहुणीला त्या बटणाचं ठाऊक नव्हतं; तिने लगेच निरोप धाडला. डबल ड्युटी करून गाढ झोपलेल्या मुलीने तो दुसऱ्या दिवशी वाचला आणि सुट्टी मिळाली तशी तिसऱ्या दिवशी बसने निघून आली. तीन वर्षांनी ती दुकानाची पायरी चढली. मास्तर उठून उभे राहिले, जणू कुणी बडी पाहुणी आली होती. ती सरळ संगणकापुढे बसली.

कोटाचं चित्र करडं झालं होतं. खाली लिहिलं होतं, एका दिवसात न घेतल्याने बक्षीस रद्द.

"बाबा, हे बटण दाबलंच नाहीत तुम्ही?"

"नाही."

"अहो, आठ तास बसलात! एवढंच तर करायचं होतं. दिसलं नाही का?"

"दिसलं ना." मास्तर गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "पण कोट तुझा. तुला विचारल्याशिवाय हात कसा लावू? एकदा लावला होता."

मुलीने पडद्याकडे बघितलं. मग झाकण घातलेल्या मशीनकडे, आणि शिवायच्या राहिलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे. खुर्ची मागे सारून ती उठली आणि दुकानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लहानपणी माप द्यायला उभी राहायची तशी, ताठ, हात थोडे बाजूला.

"हिरवं कापड मी बघून आणीन," ती म्हणाली. "तुम्ही माप घ्या."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर टेप धरला, मग छातीभोवती. जुनं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी नवा आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. वहीत मात्र काही लिहिलं नाही.

"जेवतेस का गं नीट?" त्यांनी विचारलं.