हंसराजावरची फवारणी

बायकोचा हंसराज मी जाळला आणि ऊन लागून गेला असं तिला सांगितलं. दोन वर्षं ते तसंच राहू दिलं.

घराच्या उत्तरेला, कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी आहे. तिथं ऊन जवळजवळ येतच नाही, भर उन्हाळ्यात तेवढं थोडं येतं. तिनं तिथं कुंड्यांत फर्न लावलेले. बाकीचे नर्सरीतले, हंसराज तेवढा गंगापूरजवळच्या माहेरच्या विहिरीतला. केसासारख्या काळ्या दांड्या, नाजूक पानं. तिच्या आईनं तो कपारीतून मुळासकट काढून, ओल्या फडक्यात बांधून दिला होता.

आई आजारी पडली तेव्हा ती महिनाभर माहेरी होती. वाळूजच्या कंपनीतून ड्युटी करून आलो की मी पाणी घालायचो. एक दिवस पान उलटून पाहिलं तर कडेनं तपकिरी ठिपके. मी कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा. पानामागं ठिपके दिसले की हात पंपाकडंच जातो. गावाकडचं औषध कापसाच्या मापानं कालवलं आणि फवारलं. चार दिवसांत सगळं करपलं.

त्याच आठवड्यात तिची आई गेली.

तेराव्यानंतर ती परतली आणि कुंडीपाशी बसली.

"ऊन लई होतं यंदा," मी म्हणालो.

"मीच इतके दिवस राहायला नको होतं तिकडं."

पुढं तिच्या भावानं विहीर सिमेंटनं बांधून घेतली, कपारी बुजल्या. आणि ती त्यानंतर माहेरी एकदाही मुक्कामाला राहिली नाही.

परवा क्रांती चौकाकडून येताना नर्सरीत हंसराज दिसला. पानामागं तेच ठिपके. यावर औषध कोणतं मारायचं, विचारलं. नर्सरीवाला हसला. "दवा कायको साब? बीज है वो. यातूनच तर नवीन येतंय."

म्हणजे तेव्हाही तो रोग नव्हताच. कुंडी स्कूटरवर पायापाशी ठेवली आणि घरी आलो.

तिनं पाहिलं, पण हात लावला नाही. "कशाला आणलात? मी कुठं गेले तर हाही जळंल."

"ऊन नव्हतं ते," मी म्हणालो. "मी फवारलं होतं. कापसाचं औषध. तू आईपाशी राहिलीस ते बरोबरच होतं. दोन वर्षं तुला उगाच झुरू दिलं. चुकलो मी. माफ कर."