वासंतीताईने जुळवलेली रम

माझी थोरली बहीण वासंतीताई रमच्या कारखान्यात चव जुळवण्याचं काम करायची. निरनिराळ्या लाकडी पिंपांतली रम हुंगायची, चाखायची आणि त्यांतून एकच पांढरी रम साधायची. गेल्या थंडीतल्या तापाने तिला वास येणंच बंद झालं. फोडणी करपली तरी तिला कळेना. कामही सुटलं. तरी वास परत यावा म्हणून रोज सकाळी ती लवंग, वेलची, गूळ नाकाशी धरून बसायची.

परवा दुपारी तिने दोन बाटल्यांतली रम एका पेल्यात ओतली, थोडं पाणी घातलं आणि डोळे मिटून हुंगली. पेला हलवून तिने पुन्हा हुंगलं.

"एकीत उसाचा ताजा रस आहे," ती सावकाश म्हणाली. "दुसरीत पिंपाच्या लाकडाचा वास आहे, पण तोच वरचढ झालाय."

तिने पहिली आणखी चमचाभर घातली आणि घोट घेतला. तिचा चेहरा उजळला. जन्मतः मिळालेलं नाक सगळ्यांनाच असतं. हे मात्र तिने स्वतः कमावलेलं होतं.

तिने पेला माझ्यापुढे केला. मी सोड्याच्या बाटलीकडे हात नेला, तर तिने ती बाजूला सरकवली.

"आधी नुसती चाख," ती म्हणाली. "ही मी केलीय."