टोपीची जागा
ग्रीसचा वास आला की जहागीरदारांची दोनच माणसांची ती उघडी मोटार आठवते. तिची रोजची निगा माझा शेजारी राखी. घाटात मोटार बिघडली तर म्हणून सरकार त्याला सोबत नेत, पण नोकरानं मालकाच्या बरोबरीनं बसायचं नाही. म्हणून मागं पत्र्याची बैठक त्यानंच ठोकली. मोटार सरकार स्वतः चालवत, शेजारच्या गादीवर त्यांची टोपी असे. “भाई, धरायला दांडी तरी लाव,” मी म्हणालो. “इचारलं की! म्हणले, मोटारीची शान जाती.” दौलताबादच्या घाटात, एका वळणावर तो खाली पडला आणि गेला. सरकारांना ते कळलं खुलताबादेत, दार उघडायला कुणी उतरलं नाही तेव्हा. त्याच्या दफनानंतर बैठकीला दांडी लागली, नव्या माणसासाठी. आज माझ्या गाडीत शेजारची जागा रिकामी असली, तरी मी तिथं काही ठेवत नाही.