एक चिंचोका कमी

मनमाडला गाडी बदलून मी परभणीकडे निघालो, तेव्हा मांडीवर पुठ्ठ्याचा एक डबा होता. त्यात हाताने लिहिलेली नियमांची वही, बारा पत्ते आणि चार अर्धे चिंचोके. समोरच्या बाईंनी विचारले, "मिठाई हाय का?" मी म्हणालो, "खेळ आहे." त्यांनी एकदा माझ्या मिशीकडे पाहिले आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

तो सोंगांचा बैठा खेळ होता. तिघाचौघांनी बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे. बाकीच्यांनी पत्ता ओढून पाटील, वैद्य, मेंढपाळ असे एकेक सोंग घ्यायचे आणि सूत्रधार सांगेल त्या गोष्टीत शिरायचे. अडचण आली की चिंचोके टाकायचे, पांढऱ्या बाजू मोजायच्या. जास्त पांढऱ्या तर निभावले. सगळ्या काळ्या पडल्या तर तो गडी बाद. पुण्यात वसतिगृहावरच्या एका मित्राकडे परदेशातून आलेला असा खेळ मी पाहिला होता, आणि त्यानंतर दोन वर्षे मला दुसरे काही सुचले नव्हते.

पुण्यात मुलांची पुस्तके छापणाऱ्या कुंदाताईंनी वही वाचली. "नियम समजवायला डब्यातून तुम्ही बाहेर पडणार नाही," त्या म्हणाल्या. "वही द्यायची आणि गप्प बसायचं. एक शब्द बोललात तर ती जागा धरायची नाही. तीन ठिकाणी लोक खेळले, तर खेळ छापते आणि तुम्हाला याच कामावर घेते." माझ्या खिशात गावाकडच्या एका शाळेचे नेमणूकपत्र होते. आठ दिवसांत हजर व्हायचे होते. आमच्या घरात शिकलेला मी पहिला. शाळेची नोकरी वडिलांना समजत होती. खेळ रचण्याची नोकरी त्यांना कशी सांगावी, हे मलाच समजत नव्हते.

पहिला मुक्काम पूर्णा. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मित्राचे चाचा राहत. ते मालगाडीचे गार्ड. त्यांनी रुळांचे सांधे बदलणारे दोन पॉइंट्समन बोलावले, सतरंजी घातली. मी वही दिली आणि कोपऱ्यात बसलो. चाचांनी चष्मा लावून सगळी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. मग वही मिटून सतरंजीवर ठेवली.

"सुरू करा की चाचा," एक पॉइंट्समन म्हणाला.

"'कोणीतरी सूत्रधार व्हावे' लिवलंय. कोनीतरी म्हंजी कोन? नाव न्हाई, हुद्दा न्हाई."

"मग तुमीच व्हा."

"आन उद्या कोनी विचारलं, तुमाला चार्ज कोनी दिला म्हनून?"

चहा आला, निवला, पुन्हा आला. हुकमाशिवाय सांधा बदलायचा नाही, या शिस्तीत त्यांचे आयुष्य गेलेले. शेवटी मला राहवले नाही. "चाचा, तुम्हीच व्हा ना," मी बोलून गेलो. त्यानंतर तिघे दोन तास असे रंगून खेळले की चाची दारात येऊन उभी राहिली. पण मी बोललो होतो. परतीच्या गाडीत मी ती ओळ खोडली आणि लिहिले : 'वही ज्याच्या हातात, तो सूत्रधार.'

दुसऱ्या दिवशी सोनपेठच्या आठवडी बाजारात खेळ मांडायचा होता. परभणीच्या स्टँडवर कंडक्टर पायरीवर बसून होता. "विद्यापीठाच्या नामांतराचा बंद हाय. गाडी न्हाई, बाजार बी न्हाई. घरी जावा गुरुजी." गुरुजी म्हणाला ते मला लागले. घरी आईने भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढले. वडिलांनी विचारले, "शाळंत कवा जायाचं?" मी म्हणालो, "पेडगावला जाऊन येतो, मग सांगतो."

पेडगावला किसनरावांचे शेत. माझे वडील तिथे बारा वर्षे सालगडी होते, आणि पोराला शाळेतून काढू नको असे त्यांना बजावणारे किसनरावच. कापूस निघालेल्या रानात त्यांनी मेंढरे बसवली होती. आमच्याकडे तशी रीत आहे. मेंढपाळ कळप घेऊन येतात, रानाला खत मिळते आणि त्यांना मुक्कामाला जागा. धोंडीबा आणि भागाबाई हे मेंढपाळ जोडपे दर हिवाळ्यात येई.

"काय करायलास पुन्याला?" किसनरावांनी विचारले. उत्तर देण्याऐवजी मी डबा उघडला.

वही किसनरावांच्या सुनेने, सुमनने घेतली. ती मॅट्रिक झालेली. वही तिच्या हातात, म्हणून सूत्रधार ती. शेळीच्या दुधाचा चहा झाला आणि बाभळीखाली घोंगडीवर पत्ते ओढले. धोंडीबा वैद्य झाला. भागाबाईला पाटील आला आणि किसनरावांना मेंढपाळ.

"अगं बाई, मालक माझी मेंढरं राखनार," भागाबाई म्हणाली.

"पाटील हायस तू. हुकूम कर," धोंडीबा म्हणाला.

तिने पदर खोचला, घसा साफ केला. "ये मेंढक्या, फुडं हो. पानी किती हाय बघ."

सुमनने वहीत डोके घातले. किसनराव घोंगडीवर भागाबाईपुढे सरकले. मग हात जोडून म्हणाले, "जी पाटील."

गोष्ट गोदावरीपलीकडच्या गढीतल्या खजिन्याची होती. नदीच्या मधोमध किसनरावांनी चिंचोके टाकले. चारही काळे.

"मेंढपाळ बाद," सुमनने वाचले. "वाहून गेला. बाकीच्यांनी पुढे जावे."

"फुडं म्हंजी?" भागाबाई म्हणाली. "मानूस पान्यात हाय आन फुडं कुठं?"

"तसं लिहिलंय, मावशी."

"लिवना का. लंगडं कोकरू आमी खांद्यावर घेताव, हा तर मानूस हाय."

"बाद झालो ना मी," किसनराव म्हणाले. "जा तुमी."

"तू गप रे," भागाबाई म्हणाली.

सुमनने वर पाहिले, सरळ माझ्याकडे. खांद्यावर घेण्याचे उत्तर वहीत नव्हते. माझ्या जिभेवर होते : नियम नियम असतो, पुढे चला. मी जीभ दाताखाली धरली आणि मेंढरांकडे बघत बसलो.

"खांद्यावर घ्यायचा तर फुकट कसं हुईल," सुमन हळूच म्हणाली.

"फुकट कोन म्हनतंय? वझं घेतल्यावर हात मोकळा ऱ्हातो व्हय?" भागाबाईने एक चिंचोका उचलून बाजूला ठेवला. "आमी दोघं तीनच टाकताव. एक कमी."

तीन चिंचोके म्हणजे त्यांचेही बाद होणे जवळ आले. तरी दोघे तसेच खेळले. एकेका फेकीला किसनराव वाकून बघत होते. गढी आली नाही, खजिना आला नाही. उन्हे कलली तेव्हा तिघे पैलतीरावर पोचले होते, आणि धोंडीबा मेंढरे वळवायला उठला.

पुण्याला आल्यावर मी सगळे खरे सांगितले. पूर्णेला बोललो, सोनपेठला गेलोच नाही, पेडगावला खेळ अर्धा राहिला आणि त्यातही नियम मोडला.

"कोणी मोडला?" कुंदाताईंनी विचारले.

मी सांगितले. त्यांनी वहीतले 'बाद'चे पान काढले आणि कोरे पान माझ्यापुढे ठेवले. "हे लिहा. आणि राहिलेल्या दोन जागा करून या. ते आता कामातच धरू." मी आधी ते पान लिहिले, मग शाळेला नकाराचे पत्र.

त्याला आता काही वर्षे झाली. तेव्हापासून माझे काम हेच : वही लिहायची, गावोगाव जायचे, कोपऱ्यात बसून गप्प राहायचे. सगळेच खांद्यावर घेतात असे नाही. एका शहरात पोरांनी दोन गडी वाहू दिले, खजिना घेतला आणि खेळ लवकर संपला म्हणून माझ्याकडेच तक्रार केली. वडील अजून विचारतात, हजेरीवर नाव आहे का. आहे म्हटले की त्यांना बरे वाटते.

पहिला छापील डबा मी पेडगावला पाठवला. आत, खेळ रचणाऱ्यांत माझ्या नावाखाली भागाबाईचे नाव होते. हिवाळ्यात सुमनचे पत्र आले. मावशीला नाव वाचून दाखवले, ती म्हणाली, एवढ्यासाठी छापायचं काय होतं. खाली लिहिले होते : 'भाऊ, तुमची गोष्ट आम्ही गढीपर्यंत नेली. आता आमच्याकडे उरली नाही, म्हणून पुढची मीच लिहायला घेतली आहे. रोज दुपारी खेळतो. काही अडले तर विचारीन, पण अजून अडले नाही.'