सध्या पगार नाही

समोरच्या वहिनींच्या तोंडून मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "आमच्याकडे सध्या पगार नाही." विरारला आम्ही बायका जिन्यात भेटलो की ज्या सुरात "आज पाणी नाही" म्हणतो ना, अगदी त्याच सुरात त्या ते म्हणायच्या. त्यात रडगाणं नव्हतं, लाज नव्हती, आणि ऐकणाऱ्यानं काही द्यावं अशी अपेक्षा तर मुळीच नव्हती. पाणी नाही, येईल तेव्हा येईल, तोवर बादल्या जपून वापरा, एवढंच.

वहिनींचे यजमान, ज्यांना इमारतीत सगळे भाऊ म्हणायचे, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. मालकानं एक दिवस कारखाना उचलून वापीकडे नेला आणि भाऊ घरी बसले. आमच्या इमारतीत अशी बातमी बाहेर पडायला महिने लागतात. कोणी सांगतं रजा घेतलीय, कोणी सांगतं आता घरूनच काम असतं. वहिनींनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजवली, "अगं, ह्यांची नोकरी गेली, आमच्याकडे सध्या पगार नाही," असं सांगितलं आणि मला तोंड उघडायची संधी न देता त्या वरच्या मजल्याकडे निघाल्या. थोड्या वेळानं समोरून भाऊंचा चढा आवाज ऐकू आला, "सगळ्या गावाला कशाला सांगत सुटलीस?" त्यावर वहिनींचं उत्तर, "गावाला कुठं? वरचे मजले झालेत फक्त. खालचे राहिलेत."

मला राहवलं नाही. वहिनी, एवढी घाई कशाला, असं मी त्यांना विचारलंच. त्या म्हणाल्या, "लपवायला पैसे लागतात गं. कोणाचं बारसं आलं की पाकीट पूर्वीसारखंच द्यायचं, कोणी हॉटेलात चला म्हटलं की चला. पगार असल्याचं सोंग आपल्याला परवडायचं नाही." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी हसले. त्याही हसल्या. पण घरी येऊन मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले, एवढं नक्की.

वहिनी मूळच्या कामणकडच्या, खाडीकाठच्या गावच्या. भातशेती बघत वाढलेल्या. काटकसर त्यांना नवी नव्हती, पण त्यांच्या काटकसरीत कंजुषीचा वास नव्हता. बांगडे-पापलेटांची जागा सुकटीनं घेतली. ती त्या अशी खरपूस भाजायच्या की आमच्या घरात वरण-भात वाढलेला असताना आम्ही समोरच्या दाराकडे बघत जेवायचो. गॅस एकदाच पेटायचा, एका कुकरमध्ये डाळ, भात आणि वर बटाटे. लेकीचा गणवेश आखूड झाला तर खाली त्याच रंगाची पट्टी जोडली आणि लेकीला बजावलं, "कोणी विचारलं तर सांग, आईनं जोडलीय. चांगली जोडलीय की नाही, तेही त्यालाच विचार."

एक दिवस मात्र राखीव होता. रविवारी दुपारी त्यांच्याकडे चांगल्या कपांतून चहा व्हायचा, कपाटात ठेवलेल्या, फुलांच्या नक्षीच्या. आठवडाभर साखर अर्धा चमचा. पण रविवारी डबा मध्ये ठेवायचा आणि ज्याला हवी तेवढी त्यानं घ्यायची. "रविवारी साखर मोजायची नाही," हा नियम. मी गेले की मलाही तोच. भाऊंना चहा गोड लागायचा, पण त्या दिवसांत ते जेमतेम चमचाभर घ्यायचे आणि कप घेऊन खिडकीशी जाऊन बसायचे.

इमारतीतून वहिनींकडे वाट्या यायच्या. कोणाची खीर, कोणाची भाजी. बातमी सगळ्यांना होती, त्यामुळे त्या वाट्या जरा जास्तच भरलेल्या असायच्या. वहिनी त्या आनंदानं घ्यायच्या, नको-नको करायच्या नाहीत. पण परत जाताना कुठलीच वाटी रिकामी गेली नाही. कधी त्यात कढीपत्ता, कधी माहेरची चिंच, काहीच नसलं तर मूठभर मीठ. आमच्या वरच्या काकू त्यावर कुरकुरल्या, "एवढ्याशा आमटीला मीठ कसलं परत करते ही!" मी मात्र तेव्हापासून कोणाची वाटी नुसती धुऊन परत केलेली नाही.

हे सगळं निभत होतं. निभत नव्हते ते भाऊ. मुलाखतींना जायचे, वय विचारलं जायचं, परत यायचे. मग जाणं कमी झालं. मग खाली उतरणंही बंद झालं. ताटातली भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. भूक नाही म्हणायचे. एका दुपारी वहिनी माझ्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर हलला. "नोकरी गेली तेव्हा मी घाबरले नाय. पन यांची भूक गेलीय. तिला कुठून आनू?" माहेरची बोली त्यांच्या तोंडी फक्त मन भरून आलं की यायची. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचा पंप बंद पडला. खालच्या टाकीत टँकर रिकामा झालेला, आणि पाणी वर चढेना. नेहमीचा मिस्त्री फोन उचलेना. सगळे खाली जमून एकमेकांवर डाफरत होते. टँकरचा ड्रायव्हर पावती फाडून उभा होता. वहिनींनी त्यालाही सोडलं नाही. आमच्याकडे सध्या पगार नाही हे ऐकवलंच. तो म्हणाला, "मौसी, मेरा भी दो महिने से नहीं आया." सगळे हसले. त्या हशातच वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "पंप आमचे हे बघतील. घरीच आहेत."

भाऊंना विचारलंसुद्धा नव्हतं. भाऊ उतरले ते रागानं लाल होऊन. बायकोकडे न बघता त्यांनी पंपाचं झाकण उघडलं. मग मात्र ते कामात असे बुडाले की आमच्यातले राहिलेच नाहीत. कोणी टॉर्च धरला, कोणी पान्हा आणून दिला, आणि संध्याकाळच्या आत वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. भाऊ कोपरापर्यंत काळे झाले होते. ते तसेच जिना चढून गेले.

रात्री जेवणं आटोपता आटोपता वहिनी दार ढकलून आत आल्या. डोळे भरलेले, चेहरा हसरा. "भाकर मागितली गं त्यांनी. वाढलेली खाल्ली आनि आनखी मागितली." एवढंच सांगून त्या उलट पावली गेल्या. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला माझ्याच पदराची गरज लागली.

पुढे शेजारच्या इमारतीचा पंप, मग त्यापलीकडच्या इमारतीचा. भाऊ घरी आहेत आणि हात चांगला आहे, हे अख्ख्या रस्त्याला आधीच ठाऊक होतं. वहिनींनीच सांगून ठेवलेलं! हळूहळू भाऊंनी गोखिवऱ्याला पंप दुरुस्तीसाठी एक गाळा घेतला आणि ते कुटुंब तिकडेच राहायला गेलं. जाताना वहिनी माझी एक वाटी परत द्यायला आल्या. त्यात भाजलेली सुकट होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात आमच्या ह्यांचं ऑफिस बंद झालं. घरी येऊन त्यांनी आधी दार लावलं, मग मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "कोणाला बोलू नकोस." मी नाही बोलले. दोन दिवस मी हसतमुखानं जिन्यात वावरले, आणि एका वाढदिवसाला नेहमीसारखं पाकीटही देऊन आले. रविवारी दुपारी मात्र धीर सुटला. वहिनींना फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "समोरच्या दाराला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? मी इथं लांब. आधी समोर सांग, मग मला फोन कर." आणि त्यांनी चक्क फोन ठेवला.

वहिनींच्या त्या घरात आता एक नवं जोडपं भाड्यानं राहतं. त्यातली मुलगी अबोल, दार किलकिलं करून बोलणारी. मी बेल वाजवली. नेहमीसारखं तिनं अर्धंच दार उघडलं. मी म्हटलं, "अगं, ह्यांची नोकरी गेली. आमच्याकडे सध्या पगार नाही."

मग तिनं दार पूर्ण उघडलं. "ताई," ती म्हणाली, "आमच्याकडेही नाहीये. दिवाळीपासून. मी कोणाला बोललेच नव्हते."

तिचा हात धरून मी तिला आमच्या घरी आणलं. चांगले कप काढले आणि साखरेचा डबा मध्ये ठेवला.