दाराखालची फट

"तोंड हवं ते बोलतं, पाय मात्र खरं सांगून मोकळे होतात," असं मावशी एकदा म्हणाली होती.

भर बाजारपेठेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाची ती एकोणीस वर्षं राखणदार. दाराशी एक बुटकं स्टूल, शेजारी फिनेलची बाटली आणि खराटा. पेठेत नशा करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा नगरपालिकेनं नियम काढला. जो सापडेल त्याला तीन महिने पेठबंदी, आणि राखणदारानं पाहून न पाहिल्यासारखं केलं तर त्याची नोकरी गेली. त्याच आठवड्यात सुतार आला आणि सगळी दारं खालून वीतभर कापून गेला. मावशीच्या गळ्यात शिट्टी आली.

तेव्हापासून ती चेहरे बघेनाशी झाली. स्टुलावर बसलं की फटीतून पाय दिसत. पायांची भाषा ती घरीच शिकली होती. धाकटा भाऊ नशेसाठी न्हाणीघरात कोंडून घ्यायचा, "आलो गं ताई, आलो" म्हणायचा. दाराखालून दिसणाऱ्या त्याच्या टाचा मात्र हळूहळू बाहेर कलंडत जायच्या. एक दिवस कलंडल्या त्या कलंडल्याच. तिनं त्याच्या तोंडावर विश्वास ठेवला होता. पुढे कुणावरच ठेवला नाही.

समोरच्या गल्लीतला घड्याळजी रोज एकच्या ठोक्याला यायचा. "काय मावशी, आज नळाला हजेरी की सुट्टी?" असं विचारून कोपऱ्यातल्या दारामागे शिरायचा. तपकिरी बूट, डावी टाच झिजलेली. दहा मिनिटं आत, आणि पाण्याचा आवाज नाही. चार दिवस मावशी हे बघत राहिली. एवढा गोड बोलतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. पाचव्या दिवशी फटीतून सुईचं टोपण गडगडत आलं आणि स्टुलाच्या पायाशी थांबलं. तिनं शिट्टी फुंकली.

"अहो, साखरेचं इंजेक्शन आहे!" घड्याळजी ओरडला.

"सगळ्यांचं साखरेचंच असतं, काका," शिपाई म्हणाला आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेला. दुकानाला कुलूप लागलं.

आठवड्यानं नगरपालिकेत चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला घड्याळजी आणि मावशी.

"दुकानात का नाही टोचून घेत?"

"साहेब, गिऱ्हाईक आधी माझा हात बघतं, मग घड्याळ देतं. सुई दिसली तर कोण देईल?" त्यानं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"चिठ्ठ्या काय, पैशाला पासरी." साहेबांनी कागद मावशीकडे सरकवला. "तुमच्या सहीशिवाय केस उभी राहत नाही. 'नशा करताना पाहिलं.' करा सही."

"मी पाय पाहिले," मावशी म्हणाली.

"कसे होते?"

तिला आठवलं. टाचा जुळलेल्या होत्या, शेवटपर्यंत. तेव्हाही ते दिसलं होतं. पण टोपण गडगडलं आणि हात शिट्टीकडे गेला.

"सरळ."

"मग शिट्टी कशाला फुंकलीत? का आता काही साटंलोटं झालंय? सही नसेल तर उद्यापासून त्या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसेल."

मावशीचा संशय अजून विझला नव्हता. तिनं घड्याळजीला विचारलं, "एका सुईला दहा मिनिटं?"

तो ओशाळला. "भीती वाटते हो. डोळे मिटून आकडे म्हणतो. कधी शंभरापर्यंत जातो, तरी टोचवत नाही."

साहेब खो खो हसले. मावशी पदर सावरायच्या निमित्तानं वाकली आणि तिनं टेबलाखाली पाहिलं. साहेबांचा पाय एकसारखा हलत होता. तपकिरी बूट जुळलेले होते, घट्ट, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

तिनं गळ्यातली शिट्टी काढली, सहीच्या कोऱ्या जागेवर ठेवली, पिशवी उचलली आणि बाहेर पडली.